सागरतळावरील सूक्ष्मशैवाल

उथळ किनारी समुद्र, खाड्या व नदीमुखे यांच्या तळावरील गाळात आणि वाळूत वाढणाऱ्या एकपेशीय, प्रकाशसंश्लेषी सजीवांचा समूह. यात डायटम (काचेसारखे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले) बहुसंख्य असतात. त्यांच्या जोडीला नीलहरित शैवाले (वस्तुतः हे जीवाणू होत) आणि युग्लिनासारखे जीव आढळतात. गाळात प्रकाश जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो आणि सगळा कारभार तेवढ्याच थरात चालतो. तरीही घन सेंटीमीटरभर गाळात लाखो पेशी असू शकतात. वाढ दाट झाली की चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक येते.

बडोद्याला जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेले बडोदेकर ओहोटीला उघडा पडलेला अफाट चिखल पाहतात आणि त्याला ओसाड ठरवून परततात. या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक १० मीटरहून अधिक होतो. साबरमती, मही, नर्मदा व तापी यांनी आणलेला गाळ त्यामुळे सतत ढवळला जातो. इतक्या गढूळ पाण्यात ऊन खोल पोहोचत नाही व तरंगत्या वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते. उघड्या चिखलावर मात्र ऊन थेट पडते. अशा किनाऱ्यांवर अन्ननिर्मितीचा भार तळावरील शैवालावर येतो. जगातील काही नदीमुखांत हा वाटा एकूण उत्पादनाच्या निम्म्यापर्यंत आढळला आहे.

वाळूतले अनेक डायटम कणांना चिकटून राहतात, चिखलातले मात्र हिंडते असतात. दिवसा ओहोटी लागली की ते वर येतात आणि पाणी परतण्यापूर्वीच खाली उतरतात. प्रयोगशाळेत, जिथे भरतीचा संबंधच नाही, तिथेही ही लय काही काळ टिकून राहते. सरकताना ते शर्करायुक्त चिकट द्रव्य सोडतात. त्याने गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात व प्रवाहाने होणारी धूप कमी होते.

गाळातून वर येणारे अमोनियम व फॉस्फेट हा थर बऱ्याच प्रमाणात अडवतो. दिवसा सुटणाऱ्या ऑक्सिजनमुळे नायट्रीकारक (अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या) जीवाणूंना चालना मिळू शकते. पण नायट्रोजन तुटपुंजा असेल, तर शैवाल त्यांच्याशीच स्पर्धा करते. बडोदे परिसरातील उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किमी. लांबीच्या कालव्याने महीच्या मुखाशी सोडले जाते. त्यामुळे तिथल्या चिखलाचा विचार करताना ही देवघेव दुर्लक्षून चालत नाही.

गोगलगायी, वलयांकित कृमी, खेकडे व बोय मासे या थरावर चरतात. आखातातील निवटी (गुजरातीत लेवटा) डोके डावी-उजवीकडे हलवत डायटम खरवडून खाते आणि पुढे मच्छीमारांच्या हाती लागते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर काही लहान तुतवार पक्षी हा थर जिभेने टिपताना आढळले आहेत.

तळ खरवडणारी ट्रॉल जाळी, गाळउपसा आणि भरतीचे पाणी अडवणारे बांध यांनी या थराची हानी होते. गाळ स्थिर राहिल्यास थर पुन्हा लवकर धरतो. बांधामागे कोरड्या पडलेल्या जमिनीवर मात्र तो परत येत नाही.