टार्गेट फ्रेमवर्क: एका ड्रॉपडाउनची पार्श्वभूमी

डॉट नेट म्हणजे मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर बनवायची चौकट. तिच्या प्रोजेक्टमध्ये ‘टार्गेट फ्रेमवर्क’ नावाचा एक ड्रॉपडाउन असतो; प्रोग्रॅम चौकटीच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवायचा, ते त्यात निवडतात. बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. सुरुवातीच्या काळात तर तो नव्हताच. २००२ च्या व्हिज्युअल स्टुडिओतून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या टूलमधून, फ्रेमवर्क १.० साठीच बिल्ड निघायचा, २००३ च्या आवृत्तीतून १.१ साठी आणि २००५ च्या आवृत्तीतून २.० साठी. टूल निवडलं की रनटाइमही, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा भागही, ठरला. एखादा ग्राहक १.१ वरच अडला असेल, तर त्याच्यासाठी जुना स्टुडिओही मशीनवर जपून ठेवावा लागे.

गोंधळाला खरी सुरुवात झाली ती नोव्हेंबर २००६ मध्ये. फ्रेमवर्क ३.० आलं, पण त्याखालचा रनटाइम, म्हणजे सीएलआर, २.० चाच होता. वर फक्त नव्या लायब्रऱ्या रचल्या होत्या. पुढच्या वर्षीचं ३.५ ही त्याच सीएलआरवर चालायचं. म्हणजे ‘कुठल्या व्हर्जनसाठी कंपाइल करायचं’ या एका प्रश्नाचे आता दोन प्रश्न झाले: कोड कुठल्या रनटाइमवर चालणार, आणि त्याला कुठल्या लायब्रऱ्या मिळणार?

व्हिज्युअल स्टुडिओ २००८ ने २.०, ३.० आणि ३.५ यांतून निवड करायची सोय दिली. तिन्ही एकाच सीएलआरवर असल्यामुळे काम तुलनेनं सोपं होतं. लॅम्डा किंवा ‘व्हार’ यांसारखं भाषेतलं नवं लिखाण हा कंपायलरचा, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम करणाऱ्या टूलचा, मामला, त्यामुळे २.० टार्गेट ठेवूनही ते वापरता यायचं. एक्स्टेन्शन मेथडना, म्हणजे आधीच्या टाइपला बाहेरून जोडलेल्या मेथडना, लागणारं ‘एक्स्टेन्शन-अ‍ॅट्रिब्यूट’ मात्र ३.५ च्या सिस्टिम-कोअर लायब्ररीत होतं. काहींनी ते चक्क आपल्याच कोडमध्ये लिहून काम भागवलं. या अ‍ॅट्रिब्यूटची गोष्ट पुढे पुन्हा येते.

पण या सोयीत एक भोक राहिलं. ३.५ चा सर्व्हिस पॅक १ टाकला की मशीनवरचं २.० सुद्धा बदलायचं. त्यात ‘वेटहँडल’ या क्लासला ‘वेटवन’ मेथडचं एकच पूर्णांक घेणारं नवं रूप मिळालं. टार्गेट २.० असलं तरी कंपायलर मशीनवरच्या ताज्या फायली बघायचा, बिल्ड हिरवा व्हायचा आणि सर्व्हिस पॅक नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅम ‘मेथड नॉट फाउंड’ म्हणून कोसळायचा. ज्याच्या मशीनवर बिल्ड झाला, त्याला चूक दिसण्याची शक्यताच नव्हती.

२०१० मध्ये यावर उपाय आला: रेफरन्स असेंब्ली. यांत मेथडची फक्त नावं आणि ती काय घेते-देते एवढंच, आत प्रत्यक्ष कोड नाही. कंपायलरनं मशीनवर काय बसवलंय ते पाहायचंच नाही, टार्गेटसाठी वेगळ्या ठेवलेल्या फायली पाहायच्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सगळ्यात शहाणा निर्णय.

त्याचं मोल २०१२ मध्ये कळलं. ४.५ हे ४.० च्या शेजारी न बसता त्याच्याच जागी बसलं. फोल्डरचं नावही तेच, ४.०.३०३१९. शिवाय ‘एक्स्टेन्शन-अ‍ॅट्रिब्यूट’ आता एमएसकोरलिब या मूळ लायब्ररीत गेलं. विंडोज एक्सपीवर ४.५ बसत नसल्यानं पुष्कळांना ४.० सोडता येत नव्हतं. त्यांपैकी ज्यांनी आयएलमर्ज या असेंब्ली एकत्र जोडणाऱ्या टूलला रेफरन्स असेंब्लींऐवजी मशीनवरचं फोल्डर दाखवलं, त्यांचा प्रोग्रॅम एक्सपीवर हा टाइप सापडत नाही म्हणून अडला.

जावावाल्यांनीही हेच भोगलंय. कंपायलरला ‘-टार्गेट’ हा पर्याय दिल्यानं क्लास फाइलचा, म्हणजे कंपाइल झालेल्या फायलीचा, क्रमांक जुना व्हायचा, पण लायब्ररी मशीनवरच्या नव्या जेडीकेचीच, म्हणजे जावाच्या टूल-संचाचीच, वापरली जायची. दोन्ही एकत्र बांधणारं ‘--रिलीज’ २०१७ मध्ये, जावा ९ बरोबर आलं.

त्याआधी २०१६ मध्ये डॉट नेट कोअर आलं आणि २०२० च्या डॉट नेट ५ पासून नावातलं ‘कोअर’ गेलं. आता प्रोजेक्ट फाइलमध्ये टार्गेटचं अनेकवचनी रूप लिहिलं की एकाच कोडचा प्रत्येक टार्गेटसाठी वेगळा बिल्ड निघतो. तरीही कितीतरी लायब्रऱ्या आजही डॉट नेट स्टँडर्ड २.० च, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही डॉट नेटवर चालणारा सामाईक लायब्ररी-संचच, धरून आहेत, कारण विंडोजबरोबर येणारं जुनं डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ त्याच्यापुढे जात नाही.