लॅमिनेट केलेला दाखला आणू नका (आणि केलेला असेल तर सोलू नका)

वर्षभरासाठी फ्रान्स, इटली, स्पेनला निघालेली मुलं आणि त्यांचे पालक कागदांच्या अपोस्टीलसाठी आमच्याकडे येतात तेव्हा विद्यापीठ, तिकीट, थंडीचे कपडे यांची माहिती त्यांना आमच्याहून जास्त असते. गाडी अडते ती जन्मदाखला आणि पदवी प्रमाणपत्रापाशी. बहुतेक वेळा कारण एकच : कागद लॅमिनेट केलेला असतो.

अपोस्टील म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. ते मूळ कागदावरच, सहसा पाठीमागे लावतात आणि त्याआधी राज्य शासनाचा सही-शिक्का लागतो. प्लास्टिकवर ना शाई धरत, ना शिक्का ग्राह्य धरत. त्यामुळे असा कागद खिडकीवरूनच परत येतो, आमची तिथे कितीही ओळख असो. आजोबांनी दाखला जपायचा म्हणूनच लॅमिनेट केलेला असतो हे आम्हाला कळतं, पण कारकुनाला त्याचं काय!

खरं नुकसान होतं ते त्यानंतर, घरी. कोणी इस्त्री फिरवतं, कोणी हेअर ड्रायर लावतं, कोणी ब्लेडने कोपरा उचकटतं. प्लास्टिकबरोबर छपाईही निघून येते आणि उरतो तो कोणत्याच कामाचा नसलेला कागद. कृपया हे करू नका. जन्मदाखला असेल तर सरळ महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवी प्रत घ्या, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली. तिच्यावर तुमचं नाव आहे ना, तेवढं तिथेच वाचा. पुष्कळ जुन्या नोंदींत फक्त आईवडिलांची नावं असतात आणि मग आधी नाव नोंदवून घ्यावं लागतं. पदवीची दुय्यम प्रत मात्र विद्यापीठाकडूनच मिळते आणि तिला वेळ लागतो. प्रवेशाचं पत्र येईपर्यंत थांबू नका, आजच अर्ज करा.

भाषांतराची घाईही नको. स्टिकरवरचा मजकूरसुद्धा भाषांतरात यावा लागतो, म्हणून आधी अपोस्टील, मग फ्रेंच किंवा इटालियन. उलट क्रमाने केलेल्यांना भाषांतराचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

“परराष्ट्र मंत्रालयाची फी ५० रुपये, मग तुमचे एवढे का?” हा प्रश्न रोजचा. फी ५०च आहे, पावतीवर आम्ही ती वेगळी दाखवतो. बाकीचे पैसे राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीचं शुल्क, मुंबईच्या खेपा आणि तुमचा एकुलता एक मूळ कागद सांभाळणं यांचे. स्वतः करायचं असेल तर जरूर करा. कागद तेवढे आम्हाला एकदा दाखवून जा, बघून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

जर्मनीला निघालेल्यांनी अपोस्टीलसाठी येऊच नये. अपोस्टील मानणाऱ्या देशांच्या करारातल्या भारताच्या सहभागाला जर्मनीचा आक्षेप असल्यामुळे तिथे ते चालत नाही. तिकडे जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला) लागतं, आणि ते काम आमचं नाही. कोणी जर्मनीसाठी अपोस्टील विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

येताना मूळ कागद, पासपोर्टची झेरॉक्स आणि कुठल्या देशात जाणार ते सांगणारं पत्र आणा. कागद दिल्यावर पोचपावती मागून घ्या. ती दाखवल्याशिवाय कागद परत मिळत नाहीत, न्यायला प्रत्यक्ष वडील आले तरी.