मधुमेह व दंतरोपणाभोवतीचा शोथ

जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाभोवती जीवाणूंच्या थरामुळे येणारी सूज आणि हाडाची झीज यांवर मधुमेहाचा होणारा परिणाम. या मुळाला व्यवहारात इम्प्लांट किंवा नुसते ‘स्क्रू’ म्हणतात. सूज हिरडीपुरती असेपर्यंत ती बहुधा साफसफाईने ओसरते. हाड झिजू लागले की त्या अवस्थेला पेरिइम्प्लांटायटिस ही संज्ञा आहे.

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी घट्ट जखडते असे पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. पेरिइम्प्लांटायटिस ही संज्ञा त्यानंतर बरीच उशिरा, साधारणपणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असे मानतात.

नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती त्याला हाडाशी जोडणारा परिदंत बंध असतो. त्याचे तंतू मुळात आडवे रुतलेले असतात आणि त्यातून रक्तवाहिन्या हिरडीला रक्त पुरवतात. रोपणाला हा बंध नसतो. त्याभोवतीचे तंतू पृष्ठभागाला समांतर जातात, शिवाय रक्तपुरवठाही तुलनेने तोकडा असतो. त्यामुळे शोथ हाडापर्यंत लवकर उतरतो. पायरियात दात हलू लागतो आणि रुग्ण सावध होतो. रोपण मात्र तळाशी थोडे जरी हाड शिल्लक असले तरी हलत नाही आणि फारसे दुखतही नाही. म्हणून निदान शलाकेवर, म्हणजे हिरडीच्या फटीची खोली मोजण्याच्या बारीक सळईवर, अवलंबून असते. सुमारे पाव न्यूटन इतक्या हलक्या दाबाने शलाका हिरडीच्या कडेने फिरवली की निरोगी ऊती कोरड्या राहतात. दाह असेल तर शलाकेमागे रक्ताची रेघ उमटते, कधी पूही येतो. या रोगांच्या वर्गीकरणासाठी २०१७ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक कार्यशाळेने, पूर्वीचे क्ष-किरण चित्र हाती नसल्यास, रक्तस्रावासोबत हिरडी व रोपण यांमधील कप्प्याची ६ मिमी. किंवा अधिक खोली आणि ३ मिमी. किंवा अधिक हाडाची झीज ही निदानाची मर्यादा ठरवली.

मधुमेहामुळे मुखातील जीवाणूच बदलतात, की जीवाणू तेच राहून शरीराची प्रतिक्रिया बदलते, हा जुना वाद आहे. रक्तातील साखर वाढली की हिरडीच्या फटीतून पाझरणाऱ्या द्रवातही ती वाढते, त्यावर जंतू पोसतात, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. मात्र ते अपुरे वाटते. खोल कप्प्यांतील प्रमुख जीवाणू पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस साखरेवर जगतच नाही. त्याचे पोषण प्रथिनांच्या तुकड्यांवर होते, आणि ते सुजलेल्या ऊतींतून त्याला मुबलक मिळतात. अ‍ॅरिझोनातील पिमा जमातीत प्रकार-२ मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथील १९८०च्या दशकातील पाहण्यांत मधुमेहींना परिदंत रोग (पायरिया) कितीतरी अधिक आढळला, परंतु त्यांच्या हिरडीखालचे जीवाणू परिदंत रोग असलेल्या इतर प्रौढांपेक्षा ठळकपणे वेगळे नव्हते. त्यामुळे दीर्घकाळ शरीराच्या प्रतिक्रियेकडेच झुकते माप राहिले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगाने वादाला वेगळे वळण दिले. मधुमेह जडण्यापूर्वी त्या उंदरांचे मुखजीवाणू निरोगी उंदरांसारखेच होते, साखर वाढल्यावर ते वेगळे झाले. मधुमेही उंदरांचे जीवाणू जंतुरहित उंदरांच्या तोंडात सोडल्यावर तेथे हाडाची झीज अधिक झाली. इंटरल्युकिन-१७ या दाहकारक प्रथिनाला प्रतिपिंडाने अडवल्यावर मात्र त्या जीवाणूंची मारकता घटली. म्हणजे आधी दाह वाढतो, दाह जीवाणूंची निवड करतो आणि ते जीवाणू पुन्हा दाह वाढवतात. उपलब्ध मतांपैकी हे मत अधिक पटण्याजोगे आहे. अर्थात हा प्रयोग दातांवरचा होता, रोपणांवरचा नव्हे.

दाह वाढण्याच्या इतर वाटा बऱ्याच अंशी ज्ञात आहेत. साखर चिकटून बदललेली प्रथिने पेशींवरील ग्राहींना चेतवतात. श्वेतपेशींची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते. हाड खाणाऱ्या पेशींना चालना मिळते आणि नवे हाड सावकाश बनते.

रोगप्रमाणाबाबत आकडे एकसारखे नाहीत. २०१७ च्या एका संकलित विश्लेषणात मधुमेहींमध्ये पेरिइम्प्लांटायटिसचा धोका अधिक आढळला; धूम्रपान न करणाऱ्यांचाच विचार केल्यास तो मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे ३.४ पट होता. हिरडीपुरत्या सुजेशी मात्र असा संबंध दिसला नाही. उपरोक्त शिकागो कार्यशाळेने पूर्वीचा तीव्र परिदंत रोग, अपुरी स्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव यांना पक्के धोके मानले. मधुमेहाविषयीचा पुरावा अनिर्णायक ठरवला. ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल, कारण अनेक पाहण्यांत ‘मधुमेही’ हा शब्द रुग्णाच्या सांगण्यावरून लावला जातो आणि त्याची साखर आटोक्यात होती की नव्हती हे नोंदलेलेच नसते.

साखर आटोक्यात असलेल्यांत रोपण टिकण्याचे प्रमाण, निदान पहिल्या काही वर्षांत, इतरांच्या जवळपास असते. शस्त्रक्रियेपूर्वी एचबीएवनसी तपासतात. या रक्तचाचणीतून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात हा आकडा खोटाच चढलेला दिसू शकतो, तेव्हा रुग्ण निस्तेज दिसत असल्यास हिमोग्लोबिनही पाहावे.