ऑल-व्हील ड्राइव्ह आणि पूर्णवेळ फोर-व्हील ड्राइव्ह

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणाऱ्या मोटारगाड्यांच्या या दोन निकटच्या रचना आहेत. दोन्हींत नेहमीच्या रस्त्यावर चालकाला कोणताही दांडा ओढावा लागत नाही, त्यामुळे त्या सारख्याच भासतात. पुढच्या आणि मागच्या आसांत शक्तीची वाटणी कोणता भाग करतो, तो भाग चालकाला जखडता (लॉक करता) येतो का आणि गाडीला लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरचा जादा टप्पा) आहे का, यांवरून त्यांच्यातील फरक ठरतो.

वळणावर चारही चाके सारखे अंतर कापत नाहीत, हे या साऱ्या रचनेमागचे मूळ कारण होय. दोन आसांमध्ये २.५ मीटर अंतर असलेल्या गाडीच्या मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे ५.६ मीटर त्रिज्येवर फिरतो, म्हणजे पुढची चाके सरासरीने सुमारे १२ टक्के अधिक अंतर कापतात. अर्धवेळ (पार्ट-टाइम) फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची शक्ती दोन्ही आसांकडे पाठवणारी पेटी) दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (आसांपर्यंत शक्ती नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट जोडते आणि हा फरक सामावून घ्यायला मध्ये काहीच उरत नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र शाफ्टमध्ये पीळ साठतो, स्टिअरिंग जड होते आणि दाते व टायर अकारण झिजतात. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा थार तिच्या फोर-व्हील ड्राइव्ह रूपात याच प्रकारात मोडते. म्हणूनच मुंबई–आग्रा महामार्गावर ती मागच्या दोन चाकांवर चालवणे योग्य ठरते.

पूर्णवेळ फोर-व्हील ड्राइव्हने ही अडचण प्रत्येक आसावरच्या डिफरन्शियलखेरीज (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी रचनेखेरीज) दोन आसांमध्ये तिसरे, मधले डिफरन्शियल बसवून सोडवली. त्यामुळे चारही चाकांना सतत शक्ती मिळते आणि तरीही दोन्ही आस वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. पण साधे डिफरन्शियल सर्वांत कमी अडथळ्याच्या वाटेने शक्ती सोडून देते: एकच चाक निसरड्यावर गरगरू लागले, तरी उरलेल्या तिघांचा जोर ओसरतो. म्हणून ते जखडण्याची सोय आवश्यक ठरते. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा या दोन्हींत जखडता येणारे मधले डिफरन्शियल आणि लो रेंज होती. लो रेंजमध्ये चाकांवरचा पिळाचा जोर साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. तीव्र उतारावर इंजिनच गाडीला आवरते, हा तिचा तितकाच मोलाचा उपयोग आहे.

ऑल-व्हील ड्राइव्ह ही प्रामुख्याने रस्त्यावरच्या पकडीसाठी घडलेली रचना असून तिच्यात बहुधा लो रेंज नसते. तिचा एक प्रकार कायम चारही चाके चालवतो. १९८० च्या ऑडी क्वाट्रोत मधले डिफरन्शियल होते आणि ते जखडताही येत असे, त्यामुळे दोन्ही गटांमधली सीमा येथे पुसट होते. आजच्या बहुतेक मध्यम एसयूव्हींत दुसरा, गरजेनुसार जोडणारा प्रकार आढळतो. त्यात एरवी बहुधा पुढची चाकेच गाडी ओढतात आणि ती घसरू लागली, किंवा घसरण्याचा अंदाज संगणकाला आला, की अनेक चकत्यांचा क्लच आवळून मागच्या आसाला शक्ती दिली जाते. हा क्लच दीर्घकाळ घसरत राहिल्यास तापतो आणि नियंत्रक यंत्रणा त्याच्या बचावासाठी जोडणी सैल करते. एसएई इंटरनॅशनल या वाहन-अभियंत्यांच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या जे१९५२ या दस्तऐवजात सर्वच रचना ऑल-व्हील ड्राइव्ह मानून त्यांचे अर्धवेळ, पूर्णवेळ आणि गरजेनुसार असे प्रकार केले आहेत. विक्रीसाठी दिलेल्या नावांपेक्षा ही विभागणी ग्राहकाला अधिक उपयोगी आहे.

नाशिकच्या परिसरात हा भेद ठळकपणे जाणवतो. पावसाळ्यात कसारा घाटाच्या ओल्या डांबरावर वळणातून वेग घेताना ऑल-व्हील ड्राइव्हची तत्पर पकड पुरेशी असते. निफाड–दिंडोरीकडच्या काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर मात्र चिखल टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत होते. तेथे सावकाश, अखंड जोर लागतो आणि जखडलेली जोडणी व लो रेंज असलेली गाडीच भरवशाची ठरते. येथे एक धोक्याचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: चारही चाकांना शक्ती मिळाल्याने ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबत नाही. घाट उतरताना थांबण्याचे अंतर टायर, ब्रेक, वेग आणि रस्त्याच्या ओलेपणावरच अवलंबून राहते.

देखभालीत दोन्ही रचनांना चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात. अन्यथा सरळ रस्त्यावरही मधले डिफरन्शियल किंवा क्लच सतत राबत राहतो. बंद पडलेली अशी गाडी केवळ पुढची चाके उचलून ओढून नेल्यास मागची फिरणारी चाके हे भाग निकामी करू शकतात, म्हणून ती सपाट फलाटाच्या वाहनावर चढवूनच न्यावी.