फासकीत अडकलेला हात: गोरिलांच्या डॉक्टरांची पार्श्वभूमी

जुलै १९७८ मध्ये रवांडाच्या विरुंगा डोंगरात शिकाऱ्यांनी ‘अंकल बर्ट’ नावाच्या कळपप्रमुख गोरिलाला आणि ‘माचो’ या मादीला गोळ्या घातल्या. त्यांचं तीन वर्षांचं पिल्लू, क्वेली, निसटलं. पण त्याच्याही खांद्याजवळ गोळी लागली होती. जखम चिघळत गेली आणि साधारण तीन महिन्यांनी गँगरीन होऊन ते मेलं. त्याचं हे मरण संशोधकांच्या डोळ्यांसमोर घडलं. कळपाला रोज पाहणारी, प्रत्येक जनावराला नावानिशी ओळखणारी माणसं जवळ होती. जंगलात जाऊन उपचार करणारं मात्र कोणी नव्हतं.

आज रवांडा, युगांडा आणि काँगो या तिन्ही देशांत ‘गोरिला डॉक्टर्स’ म्हणून ओळखले जाणारे पशुवैद्य पर्वतीय गोरिलांवर ते जिथे राहतात तिथेच, रानात जाऊन उपचार करतात. ही व्यवस्था कशी उभी राहिली, हे समजून घ्यायचं तर क्वेलीपासूनच सुरुवात करावी लागते.

गोरिलांचा अभ्यास करायला आलेल्या अमेरिकेच्या डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडातल्या करिसिम्बी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत तळ टाकला. दोन्ही नावं जोडून त्याला ‘करिसोके’ म्हणू लागले. फॉसी मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या, पशुवैद्य तर नव्हत्याच. अमेरिकेत त्या अपंग मुलांना दैनंदिन हालचाली शिकवणाऱ्या उपचारतज्ज्ञ होत्या. तरी १९६९ मध्ये त्यांच्या लाकडी खोलीचा दवाखाना झालाच. जर्मनीतल्या कोलोन प्राणिसंग्रहालयासाठी पकडलेली कोको आणि पकर ही दोन पिल्लं मरणासन्न अवस्थेत त्यांच्याकडे आली होती. गोरिलाचं पिल्लू जिवंत हवं तर आधी त्याच्यासाठी लढणारी कळपातली मोठी जनावरं मारावी लागतात, हे त्या धंद्याचं उघड गणित होतं. फॉसींनी दोघांना बरं केलं. मग त्यांना कोलोनला नेलं गेलं आणि १९७८ मध्ये तिथेच दोन्ही मेली.

त्याआधी, १९७७ च्या शेवटच्या दिवशी, फॉसींचा सर्वांत लाडका गोरिला ‘डिजिट’ मारला गेला होता. शिकाऱ्यांनी त्याचं डोकं आणि हात कापून नेले. डिजिट, अंकल बर्ट, माचो, क्वेली ही सगळी एकाच कळपातली. जगाला या हत्यांचा धक्का बसला, पैसा आला, गस्त वाढली. पण १९८१ ची गणना झाली तेव्हा विरुंगाच्या सगळ्या उतारांवर मिळून गोरिला उरले होते सुमारे २५४. या आकड्यामुळेच पुढचं सगळं बदललं. इतक्या थोड्या संख्येत एक वयात आलेली मादी गेली, तर तिच्यामागची सगळी संभाव्य पिल्लंही जातात.

शेवटच्या काही वर्षांत फॉसी पशुवैद्य मागत होत्या. मॉरिस ॲनिमल फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या रूथ कीसलिंग यांनी ती मागणी उचलून धरली. डॉ. जेम्स फॉस्टर १९८६ मध्ये रवांडात पोहोचले, पण त्याआधीच, डिसेंबर १९८५ च्या अखेरीस, फॉसींचा त्यांच्या खोलीत खून झालेला होता. ज्यांनी बोलावलं त्यांची भेट न होताच फॉस्टर यांनी तिथे दवाखाना उभा केला. डोंगरांवरून त्याचं नाव पडलं व्होल्कॅनो व्हेटरिनरी सेंटर. आजच्या ‘गोरिला डॉक्टर्स’ची सुरुवात तिथूनच झाली.

फॉस्टर यांच्यासमोर पहिल्याच दिवसापासून जखमा होत्या त्या बहुतेक फासक्यांच्या. कोकणातल्या वाचकाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. रानडुकरासाठी क्लच वायरची फासकी लावलेली असते आणि सकाळी तिच्यात बिबट्या सापडतो, अशी बातमी सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून दरवर्षी येते. विरुंगातली रीत तशीच. बांबू किंवा लवचीक फांदी वाकवून जमिनीकडे आणायची, तिला दोरीचा किंवा तारेचा सरकफास बांधायचा आणि वर पालापाचोळा टाकायचा. जनावराचा धक्का लागला की फांदी उसळते आणि फास आवळतो. हे सगळं डायकर नावाच्या छोट्या हरणासाठी, मांसासाठी. गोरिलाची शिकार करण्याचा हेतूच नसतो. पूर्ण वाढलेला गोरिला जोराने हिसका देऊन फांदीपासून सुटतो, पण फास मनगटावर तसाच राहतो आणि जितकं ओढावं तितका आत रुततो. रक्तपुरवठा तुटतो, बोटं काळी पडतात, हात सडत जातो. पिल्लांना तर हिसका देऊन सुटणंही जमत नाही.

मग प्रश्न आला की हात लावायचा का. वन्यजीवशास्त्रातली जुनी शिस्त सांगत होती की जंगलात ढवळाढवळ करू नये, दुबळा मरतो आणि सशक्त उरतो, हीच निसर्गाची छाननी. हा आक्षेप हलका नव्हता आणि आजही नाही. भूल देण्यातच जीव जाण्याचा धोका असतो. शिवाय माणसाचा खोकला गोरिलाला न्यूमोनिया देऊ शकतो. तोडगा निघाला तो असा: दुखापत किंवा आजार माणसामुळे झाला असेल किंवा जिवावर बेतलं असेल, तरच उपचार. दोन नरांच्या मारामारीतल्या जखमा सहसा तशाच सोडायच्या, फास मात्र काढायचा. मला ही रेघ योग्य जागी ओढलेली वाटते. तारेचा फास निसर्गाने घडवलेला नाही, तेव्हा त्यात अडकून मरणाऱ्या पिल्लाला नैसर्गिक छाननीच्या हिशेबात धरता येत नाही.

प्रत्यक्ष काम असं चालतं. रोज कळपामागे चालणारे वाटाडे फास दिसला की खबर देतात. डॉक्टर सामान पाठीवर घेऊन निघतात, चढ, चिखल, अंगाला झोंबणारी खाजकुयलीसारखी झुडपं, कित्येक तास. सगळे मास्क लावतात. जनावर हलत नाही अशी वेळ साधून भुलीची डार्ट मारली जाते. बहुधा केटामाइन आणि मेडेटोमिडीन एकत्र देतात, कारण मेडेटोमिडीनवर उतारा आहे आणि काम संपल्यावर जनावराला लवकर उठवता येतं. सर्वांत अवघड भाग त्यानंतरचा. कळपातलं पिल्लू निपचित पडलेलं पाहून दीडदोनशे किलोचा नर धावून येतो. त्याला अडवायला वाटाडे रांग धरून उभे राहतात. त्या थोड्या मिनिटांत फास कापायचा, जखम धुवायची, प्रतिजैविक टोचायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा. सडलेला भाग वाचण्यासारखा नसेल तर तो तिथेच, ओल्या जमिनीवर, कापावा लागतो. मग उतारा टोचून सगळ्यांनी मागे सरायचं आणि पिल्लू उठून आईकडे जाईपर्यंत पाहत राहायचं. पिंजरा नाही, दवाखान्यात नेणं नाही. कळपापासून तोडलेलं पिल्लू बरं होऊनही परत सामावलं जाईल याची खात्री नसते, म्हणून दवाखानाच डोंगर चढतो.

१९८८ मध्ये कळपांत गोवरासारखी साथ पसरली, काही माद्या दगावल्या आणि सुमारे ६५ गोरिलांना लस टोचण्यात आली. रवांडातलं १९९० च्या दशकातलं यादवी युद्ध आणि १९९४ चा नरसंहार यांत हे काम पुन्हा पुन्हा तुटलं. माणसांचेच लाखो जीव गेले होते. त्यातून परतून पुन्हा गस्तीला आणि उपचाराला उभी राहिलेली स्थानिक माणसं या इतिहासात जितकी दिसायला हवीत तितकी दिसत नाहीत. १९९६ मध्ये युगांडाच्या ब्विंडी अरण्यात गोरिलांना खरूज झाली. तेव्हा तिथल्या सरकारी वन्यजीव पशुवैद्य होत्या तरुण डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका. एक पिल्लू गेलं, बाकीची औषधाने बरी झाली. खरूज आसपासच्या गावांतून आली असावी हे लक्षात आल्यावर त्यांनी पुढे माणसांच्या आरोग्यावरच काम सुरू केलं. परदेशी डॉक्टरांपासून सुरू झालेली ही गोष्ट तिथून आफ्रिकी डॉक्टरांच्या हातात गेली.

काँगोत २००७ साल भयंकर होतं. झाडं तोडून कोळसा पाडणाऱ्यांना गोरिला आणि त्यांचे राखणदार अडथळा वाटत होते. त्या वर्षी विरुंगा डोंगरांच्या काँगोकडच्या भागातल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात गोरिलांच्या हत्यांची मालिकाच झाली. जुलैत सेंक्वेक्वे हा नर आणि त्याच्या कळपातल्या माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांसाला, कातडीला कोणी हात लावलेला नव्हता. त्याच वर्षी वनरक्षकांना दोन महिन्यांची न्दाकासी सापडली, मेलेल्या आईच्या छातीला बिलगलेली. आंद्रे बौमा या रक्षकाने तिला त्या पहिल्या रात्री उराशी धरून ऊब दिली. इतकं लहान पिल्लू रानात सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून अशा अनाथांसाठी रुमांगाबो इथे सेंक्वेक्वेच्या नावाने केंद्र उभं राहिलं. चौदा वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, दीर्घ आजाराने न्दाकासी गेली तीही बौमांच्याच कुशीत.

या सगळ्याचा उपयोग झाला का, याचं मोजमाप २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. विरुंगातले माणसाळलेले, म्हणजे रोज राखण आणि गरजेला डॉक्टर मिळणारे कळप वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढत होते. ज्यांच्या जवळ जाता येत नव्हतं ते ०.७ टक्क्यांनी घटत होते. या फरकातला ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा वैद्यकीय उपचारांचा असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत विरुंगात ६०४ आणि ब्विंडी धरून एक हजारांवर गोरिला भरले. त्याच वर्षी त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं गेलं.

फासक्या थांबलेल्या नाहीत. २०१२ मध्ये रवांडात न्ग्विनो नावाचं पिल्लू त्यातून वाचलं नाही. डॉक्टर पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर काही दिवसांतच त्याच कळपाजवळ एक वाटाड्या फासकी काढायला पुढे झाला, तेव्हा कळपातल्या मोठ्या नराने गुरकावून त्याला थांबवलं. रुएमा आणि दुकोरे ही जेमतेम चार वर्षांची दोन पिल्लं धावत आली. एकाने वाकलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्याने फास सोडवला. मग त्यांनी जवळची आणखी एक फासकी, वाटाड्याच्याही नजरेतून सुटलेली, तशीच उधळली. ही विद्या बाकीच्या कळपांना शिकवता येईल का, असं करिसोकेच्या लोकांना विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला. गोरिलांच्या वागण्यात हात घालायचा नाही, ही रेघ इथेही तीच होती. फासक्या शोधून काढण्याचं काम वाटाड्यांकडेच राहिलं.