विधिमंडळ आणि नवसंशोधन (मुंबई)

शोधक आणि नवउद्योजक यांचे काम लोकप्रतिनिधींनी समजून घेणे व कायदा, निधी आणि सरकारी खरेदी यांतून त्यांना बळ देणे, या व्यवहाराला मुंबईत एक घटनात्मक मर्यादा आहे. राज्यघटनेच्या संघसूचीतील (केंद्राच्या अखत्यारीतील विषयांच्या यादीतील) ४९ व्या नोंदीनुसार पेटंट आणि शोध हे विषय संसदेकडे असल्याने विधान भवनात पेटंटचा कायदा होत नाही. तो राबवणाऱ्या पेटंट महानियंत्रकांचे कार्यालय मात्र याच शहरात, अँटॉप हिल येथे आहे.

मुंबईत जन्मलेले शोधक शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांना लंडनमध्ये आपल्या यंत्रांसाठी भांडवल हवे होते, तेव्हा ब्रिटिश संसदेचे माजी सदस्य दादाभाई नौरोजी यांनी त्यांच्यासाठी खटपट केली. ते पाठबळ व्यक्तिगत ओळखीचे होते.

आज राज्याच्या हाती मुख्यतः उद्योग, शिक्षण आणि तिजोरी आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत नवोपक्रमांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली, तर २०१८ च्या स्टार्टअप धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीकडे आली. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या उपक्रमांना सरकारी कामाचे कार्यादेश मिळतात आणि त्यांची उत्पादने शासकीय विभागांत प्रत्यक्ष वापरून पाहिली जातात. नवख्या शोधकाला मानचिन्हापेक्षा पहिले गिऱ्हाईक अधिक मोलाचे असते, म्हणून ही तरतूद विशेष महत्त्वाची मानावी लागते.

माहिती मिळवण्यासाठी आमदारांकडे तारांकित प्रश्न (ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरील चर्चा ही साधने आहेत. परंतु उत्तराचा मसुदा संबंधित विभागच तयार करत असल्याने शोधकाचा अनुभव सभागृहात प्रशासनाच्या भाषेतच पोहोचतो. संसदीय समित्या याउलट तज्ज्ञ व उद्योगांचे म्हणणे थेट ऐकू शकतात, आणि वाणिज्यविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये देशातील बौद्धिक संपदा व्यवस्थेचा असाच आढावा घेतला.

अशा अभ्यासाचा परिणाम किती दूरवर जातो, हे औषधांच्या बाबतीत दिसते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषध बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले, तयार औषधाला नाही. २००५ मध्ये उत्पादन-पेटंट (तयार औषधावरचे पेटंट) परत आले, तरी सक्तीच्या परवान्याचे, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला उत्पादनाची मुभा देण्याचे, कलम ८४ कायम राहिले. त्याच कलमाखाली मार्च २०१२ मध्ये मुंबईतील नियंत्रकांनी बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला परवाना दिला, ज्यामुळे दरमहा सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध नऊ हजारांहून कमी किमतीत देण्याचे बंधन आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला.