हो-नाहीचा हिशेब: एका बाईचा की गावाचा?

चिक्कोडी किंवा खानापूर तालुक्यातल्या आशाताईच्या रजिस्टरात उत्तरं शेवटी दोनच, हौदु किंवा इल्ला, म्हणजे कन्नडमधलं हो किंवा नाही. रक्त कमी आहे का? गोळ्या घेतल्या का? हेच प्रश्न त्याच बाईला पुन्हा पुन्हा विचारले जातात, आणि तिचं आजचं उत्तर तिच्या मागच्या उत्तराशी बांधलेलं असतं. पाच भेटी म्हणजे पाच बायका नव्हेत. हिशेबाची सगळी अडचण इथून सुरू होते.

हो-नाहीच्या उत्तरांसाठी वापरतात ती इंग्रजी S सारखी लॉजिस्टिक वक्ररेषा एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये लोकसंख्यावाढीसाठी मांडली गेली होती. ‘लॉजिट’ हा शब्द १९४४चा. ‘हो’ला ‘नाही’ने भागलं की ऑड्स मिळतात, आणि ऑड्सचा लॉगरिदम म्हणजे लॉजिट. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा सुरू झाला आणि साठच्या दशकात त्या नोंदींवर हे समीकरण बसवलं गेलं. पण तिथला प्रश्न ठरावीक वर्षांत हृदयविकार झाला की नाही, एवढाच होता. एका माणसामागे एकच उत्तर.

वाटा फुटल्या त्या ऐंशीच्या दशकात. १९८६ साली आलेल्या जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) पद्धतीने एकाच व्यक्तीच्या उत्तरांमधली गाठ मान्य केली, पण लक्ष ठेवलं सगळ्या समूहाच्या सरासरीवर. दुसऱ्या वाटेने, म्हणजे मिश्र प्रतिमानाने, प्रत्येकीला तिचा स्वतःचा पाया दिला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारी आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातली यांचा पाया एक कसा असेल? शेजारणी-शेजारणींचाही नसतो.

या दोन वाटांचे आकडे जुळत नाहीत, आणि वादाचं मूळ तेच आहे. समजा, लोहाच्या गोळ्या चुकल्या तर रक्त कमी असण्याचं ऑड्स गुणोत्तर, म्हणजे ऑड्स किती पट होतात तो आकडा, एका बाईपुरतं ३ आहे. बाईबाईतला फरक मोठा असेल, लॉजिटच्या मोजपट्टीवर विचरण (व्हेरियन्स, विखुरलेपणाचं माप) ४ धरा, तर तेच गुणोत्तर गावाच्या सरासरीत जेमतेम २ भरतं. यात चूक कुणाचीच नाही. तालुक्याला किती गोळ्या मागवायच्या हे ठरवणाऱ्याला २ हवं. समोर बसलेल्या बाईला सांगायचं असेल तर ३. तरीही कितीतरी अहवालांत नुसतं ‘गुणोत्तर’ छापलेलं असतं, कुणाचं ते नसतं. माझ्या मते असा अहवाल अपुरा आहे.

त्यात मराठीने आणखी गुंता केला आहे. ‘शक्यता’ हा एकच शब्द आपण प्रॉबॅबिलिटीलाही वापरतो आणि ऑड्सलाही. शंभरातल्या ६० जणींचं रक्त कमी आहे आणि दुसऱ्या गटात ४० जणींचं, तर जोखीम, म्हणजे प्रॉबॅबिलिटी, दीडपट होते, ऑड्स मात्र सव्वादोनपट. बातमीत ‘शक्यता सव्वादोनपट’ आलं की वाचणारी घाबरते, आणि तिचं काही चुकत नाही. गोष्ट विरळ असेल तर ही तफावत मिटत जाते. पहिलटकरणींना कमी मात्रेचं ॲस्पिरिन देण्याची सहा देशांतली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बेळगावही होतं. वेळेआधी प्रसूती ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ११.६ टक्के, न घेणाऱ्यांत १३.१ टक्के. जोखमीचं गुणोत्तर ०.८९, ऑड्सचं काढलं तर ०.८७. तिथे जोखीमच छापली, हे बरं झालं.

कोऱ्या रकान्यांचा, म्हणजे गळालेल्या नोंदींचा, प्रश्न ऐंशीच्या दशकातल्या त्या दोन वाटांनंतर ऐरणीवर आला, आणि सीमाभागात तो जास्त बोचतो. साधी जीईई असं धरून चालते की गळालेल्या नोंदीचा उत्तराशी काही संबंध नाही. मिश्र प्रतिमान थोडं सैल आहे. आधीच्या उत्तरांवरून गळती समजत असेल तर ते निभावून नेतं. १९९५च्या सुमारास, टिकलेल्या नोंदींना जादा वजन देऊन जीईईही सुधारली गेली. पण ‘प्रसूती वेळेआधी झाली का?’ हा प्रश्न घ्या. चंदगड-गडहिंग्लजला माहेर असलेली पहिलटकरीण ओटीभरणानंतर बाळंतपणाला माहेरी जाते. जी निघण्याआधीच बाळंत झाली, तिचं ‘हौदु’ इथल्या रजिस्टरात आलं. दिवस भरलेलीचं ‘इल्ला’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुसऱ्याच रजिस्टरात, दुसऱ्या लिपीत राहिलं. म्हणजे इथे गळती खुद्द उत्तरावरच ठरते.